नरी कॉन्ट्रॅक्टर : एका खंडित कारकिर्दीचा इतिहास

खेळाच्या इतिहासात आकड्यांची नोंद मोठ्या काळजीने ठेवली जाते. कोणी किती धावा काढल्या, किती बळी घेतले, किती सामने जिंकले, हे शंभर वर्षांनंतरही शोधणाऱ्यास सापडते. परंतु भर उमेदीत जायबंदी होऊन ज्याला मैदान सोडावे लागले, अशा खेळाडूच्या बाबतीत लोकांची स्मृती काहीशी निष्ठुर असते. त्याचा अपघात तेवढा तिच्यात राहतो. अपघातापूर्वी त्याने काय साधले आणि अपघातानंतर तो कसा जगला, या दोन्ही गोष्टी हळूहळू पुसल्या जातात. भारताचे माजी कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या वाट्याला हेच आले. 'डोक्याला चेंडू लागलेला कर्णधार' एवढीच त्यांची ओळख उरली. ती ओळख खोटी नाही, पण फार अपुरी आहे.

नांदेड, लातूर भागात आज कोणत्याही मोकळ्या मैदानावर मुले क्रिकेट खेळताना दिसतात. सुगीनंतर रिकाम्या झालेल्या शेतातसुद्धा खेळपट्टी तयार होते. रबरी चेंडूवरून मुलगा कातडी चेंडूकडे वळला की घरातून पहिला प्रश्न निघतो तो हेल्मेटचा. हे हेल्मेट क्रिकेटमध्ये फार उशिरा आले. ते येण्यापूर्वी ज्यांनी त्याची किंमत मोजली, त्यांत कॉन्ट्रॅक्टर यांचे नाव अग्रभागी आहे. म्हणून त्यांची कहाणी आपल्या घरांतल्या मुलांना आणि पालकांनाही ठाऊक असावयास हवी.

नरीमन जमशेदजी कॉन्ट्रॅक्टर यांचा जन्म ७ मार्च १९३४ रोजी गुजरातमधील गोध्रा येथे एका पारशी कुटुंबात झाला. ते डावखुरे सलामीचे फलंदाज. १९५२-५३ च्या हंगामात गुजरातच्या संघातून बडोद्याविरुद्ध ते आपला पहिला प्रथम श्रेणीचा सामना खेळले, आणि त्या एकाच सामन्यात त्यांनी पहिल्या डावात १५२ व दुसऱ्या डावात नाबाद १०२ धावा काढल्या. पदार्पणाच्याच सामन्यात दोन्ही डावांत शतक करणारा त्यांच्याआधी जगात एकच फलंदाज होता, ऑस्ट्रेलियाचा आर्थर मॉरिस. अवघ्या अठराएकोणीस वर्षांच्या मुलाने केलेली ही सुरुवात होती. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्ली येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांना कसोटी सामना खेळावयास मिळाला.

त्यांचा पिंड कोणता होता, हे १९५९ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर दिसून आले. ब्रायन स्टॅथम या द्रुतगती गोलंदाजाचा चेंडू त्यांच्या छातीवर आदळला आणि बरगड्या मोडल्या. श्वास घेणेही यातनामय व्हावे अशी ती दुखापत. तरीही ते खेळपट्टीवरून हलले नाहीत. त्या डावात भारताचा संपूर्ण संघ १६८ धावांत बाद झाला, आणि त्यांतील ८१ धावा एकट्या कॉन्ट्रॅक्टर यांच्या होत्या. म्हणजे संघाच्या जवळजवळ निम्म्या धावा मोडलेल्या बरगड्यांच्या माणसाने काढल्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला कसोटी सामन्यात प्रथमच हरविले. जसू पटेल यांनी त्या सामन्यात १४ बळी घेतले, ही गोष्ट क्रिकेटप्रेमी आजही अभिमानाने सांगतात. पण पटेलांना गोलंदाजी करण्यासाठी पाठीशी धावा हव्या होत्या, आणि दुसऱ्या डावातील कॉन्ट्रॅक्टर यांच्या ७४ धावांनी तो पाया घातला. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच त्यांनी १०८ धावा काढल्या. हे त्यांचे कसोटीतील एकमेव शतक होय.

१९६०-६१ मध्ये पाकिस्तानचा संघ भारतात आला, तेव्हा वयाच्या सव्विसाव्या वर्षी कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे कर्णधारपद सोपविण्यात आले. तोपर्यंत इतक्या लहान वयाचा कर्णधार भारताला मिळाला नव्हता. त्या मालिकेतील पाचही सामने अनिर्णित राहिले. नंतरच्या हंगामात इंग्लंडचा संघ आला. पहिले तीन सामने निकालाविना गेल्यावर भारताने कलकत्त्याचा सामना १८७ धावांनी आणि मद्रासचा १२८ धावांनी जिंकला. इंग्लंडविरुद्ध भारताने जिंकलेली ही पहिली कसोटी मालिका. सलीम दुराणी आणि चंदू बोर्डे हे त्या विजयाचे प्रमुख शिल्पकार होते, आणि कॉन्ट्रॅक्टर कर्णधार. जानेवारी १९६२ मध्ये ते सत्तावीस वर्षांचे होते, संघात त्यांचे स्थान पक्के होते, आणि पुढची सातआठ वर्षे तरी भारतीय क्रिकेटची धुरा त्यांच्याकडे राहील असे कोणालाही वाटले असते. त्यानंतर दोन महिन्यांनी सगळे संपले.

मालिका जिंकल्यावर थोड्याच दिवसांत भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. पहिल्या दोन्ही कसोट्या भारताने गमावल्या होत्या. त्यानंतर संघ बार्बाडोसला पोचला. बार्बाडोस हे सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे बेट, म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्याचा सोळावा हिस्सा. परंतु एवढ्याशा भूमीत फ्रँक वॉरेल, गारफील्ड सोबर्स, वेस्ली हॉल असे थोर खेळाडू जन्मास आले. चार्ली ग्रिफिथ हा उंचापुरा, अतिशय वेगवान गोलंदाजही तेथलाच. तिसऱ्या कसोटीपूर्वी बार्बाडोसच्या संघाशी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर एक सामना ठरलेला होता.

दिनांक १७ मार्च १९६२. भारताच्या डावाची सुरुवात करण्यास कॉन्ट्रॅक्टर आणि तरुण दिलीप सरदेसाई मैदानात उतरले. ग्रिफिथच्या दुसऱ्याच षटकातील एक चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या उजव्या कानाच्या बाजूस, डोक्यावर आदळला. डोक्यावर कसलेही संरक्षण नव्हते, कारण त्या काळी ते कोणाच्याच डोक्यावर नसे. हे घडले कसे, याविषयी दोन वृत्तान्त आहेत. त्या वेळच्या लिखाणात असे म्हटले गेले की, चेंडू उसळेल अशा अपेक्षेने ते खाली वाकले आणि चेंडू तितका वर आलाच नाही. स्वतः कॉन्ट्रॅक्टर यांनी मात्र पुढे वेगळे सांगितले. मैदानावर साइटस्क्रीन नव्हता. गोलंदाज धावत येत असतानाच समोरच्या पॅव्हिलियनमधील एक खिडकी कोणीतरी उघडली, क्षणभर नजर तिकडे गेली, आणि चेंडू दिसेपर्यंत उशीर झाला. दोन्ही वृत्तान्तांतून एक गोष्ट सारखीच निघते. एका माणसाचे आयुष्य त्या क्षणी निमिषार्धाच्या अंतरावर टांगलेले होते.

नाका-कानांतून रक्त वाहू लागले. कवटीचे हाड मोडले होते आणि आत मेंदूवर दाब वाढत होता. रुग्णालयात तातडीने शस्त्रक्रिया करण्यात आली. मेंदूच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ त्या लहानशा बेटावर नव्हते. त्यांना त्रिनिदादहून विमानाने आणावे लागले. रक्ताची नितांत गरज होती.

रक्त देण्यास जे पुढे आले, त्यांची नावे नीट वाचावीत अशी आहेत. पहिले नाव प्रतिपक्षाच्या कर्णधाराचे, फ्रँक वॉरेल यांचे. त्यांच्यासोबत सोलापूरला जन्मलेले पॉली उम्रीगर, नाशिकचे बापू नाडकर्णी, पुण्याच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले चंदू बोर्डे आणि दौऱ्याचे वार्तांकन करणारे पत्रकार के. एन. प्रभू. पारशी कर्णधाराच्या धमन्यांतून एका कृष्णवर्णीय वेस्ट इंडियनाचे, एका पारश्याचे, हिंदूंचे आणि एका ख्रिस्ती माणसाचे रक्त एकत्र वाहू लागले. कोणी त्याची जाहीर घोषणा केली नाही, भाषणे केली नाहीत. गरज होती म्हणून बाही वर करून माणसे पुढे आली, इतकेच.

आपल्या भागातील वाचकांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. तेव्हा परगावच्या, परभाषेच्या, परधर्माच्या किती माणसांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांसाठी हात पुढे केला, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. संकटाच्या पहिल्या प्रहरी माणूस माणसाला ओळखतो. त्याची कसोटी लागते ती पुढे, जखमी माणूस बरा होऊन आपल्या कामावर परत येऊ पाहतो तेव्हा. कॉन्ट्रॅक्टर यांच्या कहाणीचा उत्तरार्ध नेमका हाच आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

सहा दिवस ते बेशुद्ध होते. त्या काळात दौरा थांबला नाही. २३ मार्च रोजी ब्रिजटाऊनलाच तिसरी कसोटी सुरू झाली आणि भारताचे नेतृत्व पतौडीचे नवाब मन्सूर अली खान यांच्याकडे गेले. त्यांचे वय २१ वर्षे ७७ दिवस होते; कसोटी क्रिकेटमधील सर्वांत तरुण कर्णधाराचा हा विक्रम २००४ पर्यंत टिकला. पतौडी स्वतः एका अपघातातून उठलेले होते. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमधील होव्ह येथे मोटारीच्या अपघातात काच लागून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. असे असूनही त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना कसोटी संघात घेण्यात आले, आणि त्या वेळी संघाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर होते. एका डोळ्याने खेळणाऱ्या तरुणावर विश्वास टाकून त्याला संधी देणे किती फलदायी ठरते, हे भारतीय क्रिकेटने पुढे अनेक वर्षे अनुभवले.

शुद्धीवर आलेले कॉन्ट्रॅक्टर यथावकाश मायदेशी परतले. कवटीचा जो भाग काढावा लागला होता, तेथे धातूची पट्टी बसविण्याची शस्त्रक्रिया वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चंडी यांनी केली. हे रुग्णालय डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली लावलेल्या रोपट्याचा वृक्ष. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा भारतातील पहिला विभाग डॉ. चंडी यांनी तेथेच १९४९ मध्ये सुरू केला होता. म्हणजे दुखापत झाली त्या बेटावर जे ज्ञान उपलब्ध नव्हते, ते भारतात एका सेवाभावी रुग्णालयात तेरा वर्षे आधीपासून रुग्णांच्या उपयोगी पडत होते. ही पट्टी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात साठ वर्षे राहिली. २०२२ साली मुंबईत ती शस्त्रक्रियेने काढण्यात आली.

सामान्य माणूस एवढ्यावरून क्रिकेटला रामराम ठोकता, आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती. कॉन्ट्रॅक्टर यांनी तसे केले नाही. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत ते पुन्हा प्रथम श्रेणीच्या सामन्यांत उतरले. पुन्हा सलामीलाच, म्हणजे नव्या कोऱ्या चेंडूसमोर, सर्वांत वेगवान गोलंदाजांसमोर. आणि तेही हेल्मेटविना. १९७०-७१ च्या हंगामापर्यंत ते खेळत राहिले. त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीत १३८ सामने, ८,६११ धावा आणि २२ शतके आहेत. मात्र कसोटी संघाचे दार त्यांच्यासाठी पुन्हा कधीही उघडले नाही. ३१ कसोट्या, १,६११ धावा, १२ सामन्यांत कर्णधारपद, त्यांत दोन विजय, दोन पराभव आणि आठ अनिर्णित : हा हिशेब वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कायमचा मिटविला गेला.

ही निवड समितीची निष्ठुरता होती काय? उतावीळपणे तसा निवाडा देणे अन्यायाचे होईल. तिच्यासमोरचा पेच खरा होता. ज्या डोक्यात धातूची पट्टी आहे, त्यावर दुसरा चेंडू बसला तर काय होईल, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. एखाद्या माणसाला मृत्यूच्या तोंडी देण्यापेक्षा त्याला बाहेर ठेवलेले बरे, असे कोणाही सहृदय माणसाला वाटेल. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हाच माणूस रणजी करंडकाच्या सामन्यांत वर्षानुवर्षे नव्या चेंडूला सामोरा जात होता. तेथे त्याच्या डोक्याची चिंता कोणी वाहिली नाही. धोका त्याने स्वतः जाणून घेतला होता, तोलला होता आणि स्वीकारला होता. त्याला हवी होती ती दया नव्हे. आपली योग्यता धावांवरून ठरावी, जुन्या जखमेवरून ठरू नये, एवढेच त्याचे मागणे होते.

दयेचा हा एक धोका असतो. जखमी माणसाला जपता जपता आपण त्याला नकळत बाजूला सारतो. अपघातातून उठलेल्या मुलाला घरात बसवून ठेवतो, दीर्घ आजारातून बरे झालेल्या माणसाच्या हातातील काम काढून घेतो, आणि हे सारे त्याच्या भल्यासाठी केले असे मनाला समजावतो. त्याला काय वाटते हे विचारण्याचे मात्र राहून जाते. भूकंपात हात-पाय गमावलेल्या आपल्या भागातील कित्येकांना अन्नधान्य मिळाले, निवारा मिळाला. पण पुन्हा उभे राहून काम करण्याची त्यांची इच्छा किती जणांनी गंभीरपणे ऐकली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारण्यासारखा आहे.

या कहाणीत राग येण्याजोगा माणूस कोणास शोधावयाचा असेल, तर तो ग्रिफिथमध्ये सहज सापडला असता. त्याच सामन्यात त्याचा चेंडू विजय मांजरेकर यांच्या नाकावर बसला होता, आणि त्याच सामन्यात कॉर्टेझ जॉर्डन या पंचांनी, तो चेंडू टाकत नसून फेकतो अशा कारणास्तव, त्याचा एक चेंडू 'नो बॉल' ठरविला होता. बोट दाखविण्यास याहून अधिक काय हवे? परंतु कॉन्ट्रॅक्टर यांनी ग्रिफिथला कधीही दोष दिला नाही. आपली नजर ढळली, त्याची चूक नव्हती, हेच ते सांगत राहिले. ज्याच्या चेंडूने आपली कारकीर्द संपविली, त्याच्यावर संशय घेण्याची आयती संधी असताना ती नाकारणे ही लहान गोष्ट नव्हे. क्षमेवर अनेक प्रवचने देता येतात; येथे ती साठ वर्षे आचरणात दिसली.

रक्त देणाऱ्यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. फ्रँक वॉरेल यांना १९६४ मध्ये 'सर' हा किताब मिळाला, आणि १३ मार्च १९६७ रोजी, वयाच्या केवळ बेचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दुसऱ्याला आपले रक्त देणारा हा माणूस रक्ताच्याच व्याधीने गेला. १९८१ पासून बंगालची क्रिकेट संघटना ३ फेब्रुवारी हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान करून पाळत आली आहे. चंदू बोर्डे यांना खांद्याच्या दुखापतीने ग्रासले. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांची लेगस्पिन गोलंदाजी जवळजवळ थांबली. पण त्यांना फलंदाज म्हणून संघात स्थान राहिले, आणि ५५ कसोट्यांत ३,०६१ धावा व ५२ बळी अशी मोठी कामगिरी त्यांनी केली. दुखापतीने कारकिर्दीचा अर्धा भाग गेला, तर उरलेला अर्धा फुलू देता येतो, याचे ते उदाहरण होय.

आणि हेल्मेट? १७ मार्च १९७८ रोजी ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहॅम यॅलप हा फलंदाज डोक्यावर हेल्मेट घालून कसोटी सामना खेळण्यास उतरला. कसोटी क्रिकेटमध्ये असे प्रथमच घडत होते. मैदान ब्रिजटाऊनचे केन्सिंग्टन ओव्हल होते. कॉन्ट्रॅक्टर कोसळले तेच मैदान आणि तीच तारीख. मध्ये बरोबर सोळा वर्षे लोटली होती. सुरुवातीस प्रेक्षकांनी आणि काही खेळाडूंनीही या शिरस्त्राणाची टर उडविली. पुढे तेच सार्वत्रिक झाले. तरीही फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करणारे रमण लांबा चेंडू लागून मृत्यू पावले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये हेल्मेट घातलेला असूनही फिलिप ह्यूज या ऑस्ट्रेलियन फलंदाजाचा मानेवर चेंडू बसून अंत झाला. २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा नियमांनीच दिली. कॉन्ट्रॅक्टर यांच्या काळी यांतील काहीही नव्हते. होते ते सहकाऱ्यांचे रक्त आणि डॉक्टरांचे हात.

२००७ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तो मिळेपर्यंत त्यांच्या शेवटच्या कसोटीला पंचेचाळीस वर्षे झाली होती. मान उशिरा का होईना मिळाला, याचा आनंदच आहे. पण जी संधी हवी होती, तिची भरपाई पुरस्काराने होत नसते.

आपल्या मुलांना ही कहाणी सांगताना त्या एका चेंडूपाशी थांबू नये. मोडलेल्या बरगड्यांनी काढलेल्या ८१ धावा सांगाव्यात, कानपूर सांगावे, इंग्लंडवरील पहिला मालिका-विजय सांगावा. वॉरेल यांनी वर केलेली बाही सांगावी. डोक्यात धातूची पट्टी घेऊन पुन्हा नव्या चेंडूसमोर उभा राहिलेला सलामीवीर सांगावा. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळण्यास सांगावे आणि मुलाला खेळावयास पाठवावे.